८३, ८६ की ८७? एका गुणपत्रिकेचे तीन आकडे

१३ मे २०२५ हा मंगळवार पुण्यातल्या अनेक घरांप्रमाणे सदाशिव पेठेतल्या एका घरातही फोनच्या पडद्याकडे बघण्यात गेला. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल त्या दिवशी दुपारी एक वाजता ऑनलाइन लागला आणि केंद्रीय मंडळाचा, म्हणजे सीबीएसईचा, दहावीचा निकालही त्याच दिवशी आला. या घरातली नात राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत होती, तर तिचा मामेभाऊ वाकडला राहून तिथल्या एका सीबीएसई शाळेत शिकत होता. दोन नातवंडांचे दोन निकाल एकाच दुपारी हाती आले आणि आजोबांनी नेहमीच्या सवयीने वही काढली. हिशेबनीस म्हणून नोकरी केलेल्या या गृहस्थांना कोणताही आकडा बेरीज मारल्याशिवाय पटत नाही. पुढचा सगळा गोंधळ या वहीतून निघाला.

माध्यमिक शाळेत बरीच वर्षे गणित शिकवल्यामुळे निकालानंतरच्या आठवड्यात ओळखीची घरे गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे येतात. त्यांपैकी हे एक प्रकरण कुटुंबाच्या संमतीने येथे मांडतो आहे. नावे, शाळा आणि महाविद्यालये मुद्दाम दिलेली नाहीत.

वहीतला हिशेब

मुलीचे गुण असे होते: मराठी ८९, संस्कृत ९४, इंग्रजी ७६, गणित ७१, विज्ञान व तंत्रज्ञान ८३, समाजशास्त्रे ९०. आजोबांनी सहा विषयांची बेरीज केली, ती ५०३ आली. तिला ६००ने भागले आणि ८३.८३ टक्के असा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मुलाचे पाच विषय होते: इंग्रजी ८८, मराठी ९०, गणित ८२, विज्ञान ८४, सामाजिक शास्त्र ८२. बेरीज ४२६, भागिले ५००, म्हणजे ८५.२० टक्के. निष्कर्ष उघड दिसत होता आणि तो आजोबांनी दुसऱ्या दिवशी मला फोनवर सांगितला: “सर, पोरगी मागे पडली हो. गणितानं घात केला.”

मुलीच्या ऑनलाइन निकालावर मात्र टक्केवारी ८७.८० छापलेली होती. आजोबांना वाटले की संगणकाने चूक केली. मुलीच्या आईला वाटले की बाबांची बेरीज चुकली. मुलीच्या मैत्रिणीने तिसराच आकडा काढून दिला, ८६.४०. तिन्ही आकडे गणिती दृष्टीने बरोबर होते, ही गोष्ट घरात कोणाच्या डोक्यात आली नाही आणि येण्याचे कारणही नव्हते, कारण गुणपत्रिका आपला हिशेब समजावून सांगत नाही.

राज्य मंडळाच्या दहावीला प्रत्येकी शंभर गुणांचे सहा विषय असतात, परंतु २०१० सालापासून टक्केवारी काढताना सर्वांत जास्त गुण मिळालेले पाच विषयच धरले जातात. शाळाशाळांत याला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात. या मुलीच्या बाबतीत सर्वांत कमी गुणांचा विषय गणित, म्हणून ७१ बाजूला झाले आणि उरलेल्या पाचांची बेरीज ५००पैकी ४३२, म्हणजे ८६.४० टक्के झाली. मैत्रिणीने काढला तो हा आकडा. त्याशिवाय मुलीने इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळवली होती, तिचे ७ वाढीव गुण मंडळाने बेरजेत मिळवले. ४३९ भागिले ५००, म्हणजे ८७.८०. चित्रकलेच्या ‘ब’ श्रेणीला ५ आणि ‘क’ श्रेणीला ३ गुण मिळतात. खेळाडूंना आणि शास्त्रीय किंवा लोककला शिकणाऱ्यांना ठरलेल्या अटींवर याहून जास्त गुण मिळू शकतात. २०२५च्या निकालात राज्यभरातल्या २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, ही बातमी वाचून ज्यांनी डोके खाजवले असेल त्यांनी ही बेरीज ध्यानात घ्यावी: सहापैकी कमी गुणांचा विषय गळतो आणि वर वाढीव गुण चढतात, म्हणून इतक्या जणांचे शंभर टक्के होणे शक्य होते. सहाच्या सहा विषयांत शंभरपैकी शंभर मिळवण्याशी त्याचा संबंध नाही.

आजोबांचा ८३.८३ हा आकडा खोटा नव्हता; तो फक्त कोणीही न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होता. अकरावीच्या प्रवेशाला तो लागत नाही, मंडळाच्या श्रेणीला लागत नाही. तरीही मी तो वहीतून खोडायला सांगितले नाही, कारण सहा विषयांची सरासरी पाहिल्याशिवाय गणित किती मागे राहिले आहे हे दिसत नाही, आणि ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची सर्वांत मोठी अडचण हीच आहे की ती कमजोर विषय टक्केवारीतून नाहीसा करते.

ही पद्धत आली तीही वादातूनच. अकरावीच्या प्रवेशात वेगवेगळ्या मंडळांच्या मुलांना एका रांगेत कसे उभे करायचे, हा प्रश्न सोडवण्यासाठी राज्य सरकारने २००८ साली पर्सेंटाइलचे सूत्र आणले, २००९ साली राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा ९०:१०चा निर्णय घेतला; दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१०चे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ही उच्च न्यायालयात रद्द झाले होते, ते सर्वोच्च न्यायालयात टिकले. म्हणजे घरात चाललेला वाद पंधरा वर्षांपूर्वी न्यायालयात मोठमोठ्या वकिलांनी घातलेल्या वादाचीच घरगुती आवृत्ती होती.

८२ आणि ८२

दुसरा प्रश्न मुलाच्या निकालावरून उभा राहिला आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा अधिक खोल आहे. गणितात ८२ गुण आणि श्रेणी ए२. सामाजिक शास्त्रात ८२च गुण आणि श्रेणी बी१. मुलाच्या वडिलांनी थेट शाळेत फोन लावण्याची तयारी केली होती. एकाच मुलाला, एकाच मंडळाकडून, सारख्याच गुणांना दोन वेगळ्या श्रेणी मिळाल्या तर ती छपाईची चूक असणार, असे कोणालाही वाटेल.

ती चूक नव्हती. सीबीएसईच्या विषयवार श्रेणी ठरावीक गुणांना बांधलेल्या नसतात. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्या देशभरातल्या सर्व विद्यार्थ्यांना गुणांच्या उतरत्या क्रमाने उभे केले जाते आणि त्या रांगेचे साधारण आठ सारखे भाग पाडले जातात: पहिल्या आठव्या भागाला ए१, पुढच्याला ए२, त्यापुढे बी१, बी२ असे करत डी२पर्यंत. सारख्या गुणांच्या मुलांना वेगळे करता येत नाही, म्हणून भागांच्या कडा थोड्या पुढेमागे होतात, एवढेच. त्या वर्षी गणितात ८२ गुण मिळवणारा मुलगा रांगेत दुसऱ्या आठव्या भागात उभा होता; सामाजिक शास्त्रात इतरांनाही भरपूर गुण पडल्यामुळे तोच ८२चा मुलगा तिसऱ्या भागात सरकला. गुण उत्तरपत्रिकेवरून येतात, श्रेणी रांगेवरून येते.

मुलाच्या वडिलांच्या मनात जो तक्ता होता, ९१ ते १०० म्हणजे ए१, ८१ ते ९० म्हणजे ए२, तोही त्यांनी कुठून तरी उचललेला नव्हता. सीबीएसईची सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत चालू होती त्या वर्षांत दहावीला अशाच ठरलेल्या पट्ट्या होत्या, श्रेणीगुणांची (प्रत्येक श्रेणीला दिलेल्या दहापैकी आकड्यांची) सरासरी छापली जाई आणि तिला ९.५ने गुणून टक्केवारी काढली जाई. २०१८पासून दहावीची मंडळ परीक्षा पुन्हा सर्वांना सक्तीची झाली आणि ती पद्धत मागे पडली, पण ९.५चा गुणाकार पालकांच्या गटांत अजून फिरत असतो. आजच्या गुणपत्रिकेला तो लावणे म्हणजे जुन्या मोटारीची किल्ली नव्या मोटारीला लावून बघण्यासारखे आहे.

आणखी एक बारीक गोष्ट: सीबीएसई एकूण टक्केवारी, श्रेणी किंवा प्रावीण्य जाहीर करत नाही, पाचपेक्षा जास्त विषय असतील तर कोणते पाच धरायचे, हे प्रवेश देणाऱ्या संस्थेवर सोडलेले आहे. त्यामुळे मुलाची ८५.२० ही टक्केवारी मंडळाने दिलेली नव्हती, आजोबांनी काढलेली होती. या मुलाचे विषयच पाच असल्याने ती योग्यही ठरली.

राज्य मंडळाची श्रेणी याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. तिथे रांग नाही, उंबरठा आहे. एकूण ७५ टक्के आणि त्यापुढे विशेष प्रावीण्य, ६०पासून प्रथम श्रेणी, ४५पासून द्वितीय श्रेणी, ३५पासून उत्तीर्ण. उंबरठा ओलांडणाऱ्यांची संख्या कितीही असू शकते आणि २०२५ साली ती किती होती हे मंडळाच्याच आकड्यांवरून दिसते: राज्यात उत्तीर्ण झालेल्या १४,५५,४३३ नियमित विद्यार्थ्यांपैकी ४,८८,७४५ विशेष प्रावीण्यात होते. दर तीन उत्तीर्णांमागे एक! आजोबा १९६९ साली अकरावी मॅट्रिक झाले ते ५८ टक्क्यांना, सेकंड क्लासमध्ये, आणि आळीत पेढे वाटले गेले होते. नातीला ‘विशेष प्रावीण्य’ मिळाल्याचे वाचून त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना तिघांतल्या एकाचा हिशेब सांगणे माझ्या जिवावर आले, पण सांगितला, कारण पुढच्या आठवड्यात महाविद्यालयांचा पसंतिक्रम त्यांच्याच सल्ल्याने भरला जाणार होता.

मुलीच्या निकालपत्रात खालच्या ओळींत आरोग्य व शारीरिक शिक्षण, जलसुरक्षा, स्व-विकास व कलारसास्वाद अशा विषयांपुढे गुण नसून नुसते ‘अ’ लिहिलेले होते. आजोबांनी विचारले, “मग ‘अ’ मोठी की ए२?” हे श्रेणीचे विषय शाळा आपल्या पातळीवर तपासते, ते टक्केवारीत मिसळत नाहीत, आणि त्यांच्या ‘अ’ची सीबीएसईच्या ए२शी तुलना होऊ शकत नाही. त्यावर आजोबा म्हणाले, “म्हणजे अक्षर एक, पण गोत्र वेगळं.” मी इतकी वर्षे हे शिकवतो आहे, पण इतक्या कमी शब्दांत मला ते सांगता आले नव्हते.

७१च्या पोटात काय होते

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, पण मुलीच्या मनातला काटा वेगळा होता. तिला गणितात ऐंशीच्या पुढे अपेक्षा होती. टक्केवारीतून गणित गळले आहे, तेव्हा ७१ असोत की ८१, फारसा फरक पडत नाही, असे घरच्यांचे म्हणणे. हे हिशेबालाही धरून नव्हते: गणित ८१ झाले असते तर इंग्रजीचे ७६ गळले असते आणि बेरीज ५ गुणांनी, म्हणजे टक्केवारी एका पूर्ण टक्क्याने वाढली असती. अकरावीच्या गुणवत्ता यादीत एक टक्का ही थोडी गोष्ट नव्हे. शिवाय ती याच ७१कडे बघून विज्ञान शाखेचा विचार सोडायला निघाली होती, आणि माझ्या दृष्टीने हा खरा प्रश्न होता.

निकालानंतर तीन वाटा असतात आणि त्यांची सरमिसळ नेहमी होते. गुणपडताळणीत सर्व उत्तरे तपासली गेली आहेत का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढेच पाहतात. उत्तर पुन्हा तपासत नाहीत. छायाप्रत म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत. पुनर्मूल्यांकन म्हणजे उत्तरे नव्याने तपासणे, आणि त्यासाठी आधी छायाप्रत घेणे सक्तीचे आहे. ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पुढच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. मी गणिताची छायाप्रत मागवण्याचा आग्रह धरला, तो गुण वाढतील या आशेने नव्हे.

कारण गुणपत्रिकेवरचे ७१ हा एक आकडा नसून तीन आकड्यांची बेरीज असते. गणित भाग १ म्हणजे बीजगणित ४० गुणांचे, भाग २ म्हणजे भूमिती ४० गुणांची, आणि उरलेले २० शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. गुणपत्रिका फक्त बेरीज दाखवते. (या वीस गुणांचे वजन किती असते हे २०१९ साली दिसून आले: त्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, अभ्यासक्रमही नवा होता, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१०वर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३०वर गेला.)

पसंतिक्रम भरण्याची मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना छायाप्रती आल्या. आम्ही त्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या. बीजगणितात ४०पैकी ३१, भूमितीत २३; म्हणजे अंतर्गत १७ होते. मुलगी कितीतरी वेळ त्या ३१कडेच बघत बसली, कारण तिच्या मनात बीजगणित हाच कच्चा विषय होता.

भूमितीचे सतरा गुण कुठे गेले ते आम्ही प्रश्नाप्रश्नाने मोजले. पहिल्या प्रश्नातल्या छोट्या उपप्रश्नांत १ गेला. दुसऱ्यात ३. तिसऱ्या प्रश्नातल्या दोन उत्तरांत मिळून ४, आणि ते पाहण्यासारखे होते: आकृती नीट, पक्ष आणि साध्य व्यवस्थित, पण सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे जे कारण कंसात लिहायचे असते ते निम्म्या पायऱ्यांवर लिहिलेलेच नाही. दोन त्रिकोण समरूप आहेत असे तिने लिहिले होते. कोणत्या कसोटीने ते लिहिले नव्हते. परीक्षकाने लाल शाईने बरोबर त्या जागी गोल केला होता. चौथ्या प्रश्नात चार-चार गुणांची दोन उत्तरे लिहायची असतात. एक कोरे, दुसऱ्यात २ गेले. पाचवा, तीन गुणांचा प्रश्न, पूर्ण कोरा. दोन तासांच्या पेपरात शेवटची वीस मिनिटे तिने चौथ्या प्रश्नातल्या एका रचनेत, स्पर्शिका खोडून पुन्हा काढण्यात घालवली होती, हे तिने तेव्हा कबूल केले. कागदावर रबराने खरवडलेली खूण छायाप्रतीतही दिसत होती.

बेरीज बरोबर होती, एकही उत्तर तपासायचे राहिलेले नव्हते, कुठे गुण द्यायला हवे होते असे मलाही दिसले नाही. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा नाही असे आम्ही तिथेच ठरवले. आईचा चेहरा थोडा पडला, कारण छायाप्रतीचे पैसे वाया गेले असे तिला वाटले. मला तसे वाटत नाही. गेलेल्या १७ गुणांपैकी ७ वेळेअभावी कोऱ्या राहिलेल्या उत्तरांचे आणि आणखी काही न लिहिलेल्या कारणांचे होते. ‘हिला गणित येत नाही’ हे विधान ज्या ७१वर उभे होते, त्या ७१च्या आत ४०पैकी ३१ मिळवणारे बीजगणित बसलेले होते, आणि अकरावी-बारावीच्या गणितात त्याचाच वापर अधिक.

पसंतिक्रम

२०२५ हे संपूर्ण राज्यात अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश होण्याचे पहिले वर्ष. त्याआधी पुणे-पिंपरी चिंचवडसह काही मोठ्या शहरांतच ही पद्धत होती. अर्जात जास्तीत जास्त दहा महाविद्यालये क्रमाने लिहायची असतात, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जाते. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर काय लिहायचे, यावर आजोबांशी दोन संध्याकाळी बोलणे झाले. त्यांनी वहीत नवे पान घेतले होते. डावीकडे नातीचे ४३९, उजवीकडे नातवाचे ४२६, दोन्हींखाली ५००. आधीच्या पानावरचे ८३.८३ त्यांनी खोडले नव्हते. त्यापुढे ‘सहा विषय’ एवढे दोन शब्द बारीक अक्षरात लिहिले होते.

नातीने विज्ञान शाखा भरली, गणित ठेवून. नातवानेही विज्ञानच भरले आणि दोघांनी पहिल्या तीन पसंती सारख्याच ठेवल्या, हे कळल्यावर आईने भावाला फोन करून थोडा वेळ हसून घेतले. नियमित फेऱ्यांत नातीला दुसऱ्या आणि नातवाला चौथ्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले. ऑगस्टमध्ये नात माझ्या घरी आली ती अकरावीचे गणिताचे पुस्तक घेऊन, आणि पहिल्यांदा विचारले ते हेच, की इथेही प्रत्येक पायरीला कारण लिहायचे का.